व्यायामशाळेत उघडणारी खिडकी

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला सगळे ताई म्हणतात. मीही ताईच म्हणतो. बिल्डर मंडळी मात्र पाठीमागे त्यांना पणबाई म्हणतात, आणि त्याला कारण आहे. ताई नगरपालिकेत बांधकाम निरीक्षक आहेत. नवी घरं बांधायला परवानगी देताना नगरपालिका काही अटी घालते: खोली एवढी उंच हवी, जिना एवढा रुंद हवा, इमारतीभोवती एवढी जागा मोकळी हवी. घरं बांधून झाली की त्या अटी पाळल्यात का हे जाऊन बघायचं, आणि पाळल्या असतील तरच लोकांना राहायला जाऊ द्यायचं, हे ताईंचं काम. बिल्डरनं हसतहसत विचारायचं, "काय ताई, झालं ना सगळं व्यवस्थित?" ताईंनी म्हणायचं, "छान झालंय, पण..." त्या 'पण'च्या पुढे जे यायचं, त्यानं भल्याभल्यांच्या हातातला चहा गार व्हायचा.

स्वभावानं म्हणाल तर बाई गोड. आवाज चढवणार नाहीत, कुणाला लागेल असं बोलणार नाहीत. फक्त कुणाच्या घरी गेल्या की माणसांच्या आधी छताकडे बघतात. आमचं लग्न ठरत होतं तेव्हा त्या पहिल्यांदा आमच्या घरी आल्या आणि बराच वेळ वर बघत बसल्या. माझ्या बाबांना वाटलं, मुलीकडची मंडळी देवभोळी दिसतायत. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "वरच्यांचं न्हाणीघर याच्यावरच येतं का हो? ओल उतरतेय." लग्न ठरवण्याच्या सगळ्या बोलण्यात त्यांचं एवढं एकच वाक्य.

माझं पडद्यांचं दुकान आहे. ताई मला पहिल्या दिवसापासून 'पाहुणे' म्हणतात आणि त्यांची एक ठरलेली थट्टा आहे. "पाहुणे, तुमचा धंदा झाकायचा, माझा उघडायचा. आपलं जमायचं कसं?" जमलं मात्र छान, कारण त्यांच्या हाताखालून गेलेल्या घरांच्या खिडक्या चांगल्या मोठ्या असतात आणि मोठ्या खिडकीला कापड जास्त लागतं.

आता अशा बाईचं स्वतःचं घर कसं असेल? तर एका गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर, दोन खोल्या आणि मधे एक बोळ. स्वयंपाकघराचं छत इतकं खाली की उंच माणसानं मान तिरकी करून चहा प्यायचा. न्हाणीघराचं दार आत उघडायचं आणि आत बादली असायची, त्यामुळे दार लावायचं तर एक पाय बादलीत ठेवायला लागायचा. माझे साडू, म्हणजे ताईंचे यजमान, दातांच्या कवळ्या बनवतात. बाहेरच्या खोलीत त्यांचं काम चालतं. तयार झालेल्या कवळ्या ते खिडकीत ओळीनं मांडून ठेवतात, त्यामुळे गल्लीतून येणाऱ्याला वाटतं, घर हसून आपलं स्वागत करतंय.

मी एकदा विचारलं होतं, "ताई, हे घर तुमच्या तपासणीत पास होईल का?"

"उंबऱ्यावरच नापास," त्या म्हणाल्या. "पण नियम जन्माला यायच्या आधीचं आहे ते. त्याला आता काय शाळेत घालणार?"

आम्ही तेव्हा भाड्याच्या घरात राहत होतो, वरच्या मजल्यावर. बाबा न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण वॉकर कायमचा हातात आला आणि जिना कायमचा सुटला. बाबा बसचालक होते. उभं आयुष्य एका मोठ्या काचेमागे बसून काढलेला माणूस, आणि आता त्यांच्या खाटेसमोर शेजारच्या इमारतीची भिंत. एक दिवस मला म्हणाले, "तू घर घे, लहान घे, मोठं घे, मला काही म्हणायचं नाही. फक्त मला एक खिडकी दे. रस्ता दिसला तर उत्तमच, नाही तर निदान थोडं आकाश. समोर काही हलताना दिसलं नाही तर मला गाडी बंद पडल्यासारखं वाटतं."

जुन्या बर्फाच्या कारखान्याच्या जागी नवी इमारत उठत होती. तिथं आम्ही तळमजल्यावरचं घर घेतलं. नकाशात बाबांची खोली मागच्या बाजूला होती आणि खिडकीबाहेर चांगलं रुंद अंगण. ते अंगण मोकळंच ठेवायचं, ही परवानगीतली अटच होती. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा मी जाऊन खिडकीचं माप घेऊन आलो आणि बाबांच्या पसंतीच्या निळ्या कापडाचा पडदा शिवून ठेवला.

बिल्डरला सगळे शेठ म्हणायचे. बोलायला इतके लाघवी की त्यांच्याशी भांडायला गेलेला माणूस त्यांच्याच गाडीतून घरी परत यायचा. माझ्या मेहुणी कोण आहेत हे कळल्यावर तर त्यांनी मला खुर्चीच दिली. "मग काळजीच मिटली," ते म्हणाले. "तपासणीला येणार कोण? घरचीच बाई."

ताईंना हे आम्ही सांगितलं त्याच दिवशी त्या त्यांच्या साहेबांकडे गेल्या. "त्या इमारतीत माझ्या बहिणीचं घर आहे. तिथली पाहणी माझ्याकडे नको."

साहेब म्हणाले, "आपल्याकडे निरीक्षक दोन. दुसऱ्याचा पाय प्लास्टरमध्ये. आता काय करू? असं करू, मी तुमच्याबरोबर येतो. बघायचं तुम्ही, सही माझी. बहिणीसाठी काही सोडून द्यावंसं वाटलं तर माझ्याकडे बघा."

"आणि बहिणीचं म्हणून जास्तच कडक व्हावंसं वाटलं तर?"

"तरी माझ्याकडेच बघा," साहेब म्हणाले. "मी काय करायचं ते तेव्हा ठरवीन."

ताईंनी माझ्या बायकोला बजावून ठेवलं होतं की सही झाल्याशिवाय सामान हलवू नका. बायको मला दर दिवसाआड ते ऐकवायची. पण आमच्या घरमालकानं नवा भाडेकरू बघून ठेवला होता आणि शेठ म्हणत होते, "सकाळी पाहणी, दुपारी सही, संध्याकाळी तुम्ही नव्या घरात चहा प्यायचा." मी म्हटलं, ताईच तर येणार. ट्रक सांगून टाकला.

त्या सकाळी आमचा संसार ट्रकमध्ये भरून फाटकाशी उभा होता. बाबा ट्रकमध्ये चालकाशेजारी बसले होते आणि चढावर गिअर कधी बदलायचा हे त्याला समजावून सांगत होते. तो बिचारा 'हो काका, हो काका' करत होता. आत पाहणी सुरू झाली. पुढे ताई, त्यांच्यामागे साहेब, मग शेठ, आणि शेवटी मी नि बायको, निकालाच्या दिवशी शाळेत गेलेल्या आईबापांसारखे.

सगळं छान चाललं होतं. जिना रुंद होता. कठडे मजबूत होते. फाटकापासून आमच्या दारापर्यंत एकही पायरी नव्हती, सरळ उतार. न्हाणीघराचं दार बाहेर उघडत होतं आणि वॉकर सहज आत जाईल एवढं रुंद होतं. ताई मान डोलावत होत्या. शेठ माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होते. अजून एकही 'पण' आला नव्हता.

मग बाबांची खोली. खिडकीवर आतून पुठ्ठा चिकटवलेला होता, रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून, असं शेठ म्हणाले. ताईंनी तो सोडवला, कडी काढली आणि खिडकी उघडली.

पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, एक माणूस आमच्याकडे तोंड करून पळत होता. पळत होता, पण पुढे येत नव्हता. आम्ही पाच जण त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं आमच्याकडे बघितलं, पळता पळताच "नमस्कार" म्हटलं आणि पळत राहिला.

"हा कोण?" साहेबांनी विचारलं.

"इलेक्ट्रिशियन," शेठ म्हणाले. "मशीन चालतंय का बघतोय. म्हटलं, आपल्या लोकांना एक भेट द्यावी. व्यायामशाळा केलीय."

अंगणात शेठनी एक झकास खोली बांधली होती. छप्पर, आरसे, दिवे, सगळं. ती बरोबर तळमजल्याच्या मागच्या भिंतीला टेकवली होती, त्यामुळे त्या बाजूच्या सगळ्या घरांच्या खिडक्या आता व्यायामशाळेत उघडत होत्या.

"हवा तर येतेय ना, ताई?" शेठ म्हणाले.

"येतेय," ताई म्हणाल्या, "पण याची येतेय." आणि त्यांनी इलेक्ट्रिशियनकडे बोट दाखवलं. तो मशीनवरून उतरला आणि निमूटपणे निघून गेला.

"मी हवा खेचणारा पंखा लावून देतो. एकदम भारीतला."

"शेठ, माझ्या नकाशात इथं आकाश आहे. उजेड आणि वारा मोकळ्या जागेतून यावा अशी अट आहे. ती तुम्ही मान्य करून सही केलीय. मला आकाश दाखवा, मी लगेच हो म्हणते."

माझी बायको हळूच म्हणाली, "ताई, ट्रक दारात उभाय गं."

"ट्रक मला दिसतोय," ताई म्हणाल्या. त्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी खिडकीकडे बघितलं, मग बाहेरच्या आरशात स्वतःलाच बघितलं, भांग सारखा केला आणि म्हणाले, "पणच्या पुढचं मी लिहितो."

मला राग आला, अगदी डोक्यात गेला. मी म्हटलं, "ताई, एका खिडकीपायी तुम्ही अख्खी इमारत अडवणार? आणि आम्ही आता जायचं कुठं? जुन्या घरात दुसऱ्याच्या गाद्या पडल्यात."

ताई बाहेर गेल्या, थेट ट्रकपाशी. वर बघून म्हणाल्या, "बाबा, तुमची खिडकी व्यायामशाळेत उघडतेय."

बाबांनी थोडा विचार केला. "म्हणजे मी खाटेवर पडायचं आणि लोकांनी माझ्यासमोर उड्या मारायच्या?"

"साधारण तसंच."

"आणि आकाश?"

"आकाश नाही. छप्पर आहे."

"मग नको," बाबा म्हणाले. "आता कुठं?"

"माझ्याकडे."

बाबा चालकाकडे वळले. "घे रे मागे. आणि आरशात बघून घे."

अशा रीतीनं ताईंनी मला पाहुणे म्हणायला सुरुवात केल्यापासून पहिल्यांदाच मी खरोखरचा पाहुणा झालो. कपाटं आणि पलंग माझ्या दुकानात कोंबले. गिऱ्हाईक पडदे बघायला आलं की आधी त्याला आमच्या फ्रीजला वळसा घालायला लागायचा. माणसं ताईंकडे राहिली. आतल्या खोलीत बाबा, बाहेरच्या खोलीत दोघी बहिणी आणि बोळात मी नि साडू, डोक्याशी प्लास्टरच्या जबड्यांचे साचे.

बायको ताईंशी बोलेना. एकाच स्वयंपाकघरात, खांद्याला खांदा लावून उभ्या, आणि निरोप माझ्यामार्फत. "तुमच्या मेहुणींना सांगा, साखर संपलीय." मी मान वळवायच्या आत ताई म्हणायच्या, "तुमच्या बायकोला सांगा पाहुणे, वरच्या डब्यात आहे." साडू तसे अबोल. एकदा मला बोळात म्हणाले, "माझ्या धंद्यात वरचे नि खालचे दात एकमेकांना लागत नसले तर आम्ही थोडं घासतो. इथं काय घासायचं ते कळत नाही."

घासायची वेळ बाबांनी आणली. त्यांचा वॉकर न्हाणीघराच्या दारातून आत जाईना. दोन दिवस आम्ही त्यांना धरून नेलं. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "मला धरू नका. दार धरा." ताई कामावर गेल्यावर साडूंनी कवळ्यांची हत्यारं काढली, मी दुकानातून ड्रिल आणलं आणि बाबा बोळात खुर्ची टाकून हुकूम देत बसले. आम्ही दार काढलं, चौकट एका बाजूनं तासली, जरा रुंद दार आणलं आणि बाहेर उघडेल असं लावलं. ज्या बारीक फिरकीनं साडू दातांना आकार देतात, तिनंच त्यांनी बिजागरीची खाच कोरली. इतकी देखणी खाच कुठल्याही न्हाणीघराला मिळाली नसेल.

संध्याकाळी ताई आल्या. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आत गेल्या. बादलीत पाय न ठेवता दार लागलं तेव्हा आतून कडी दोन-तीनदा लावल्या-काढल्याचा आवाज आला.

बाहेर येऊन म्हणाल्या, "छान झालंय, पण..."

"पण काय?" आम्ही तिघं एकदम.

"पण कडी बाबांच्या हाताला वर पडतेय. खाली घ्या."

माझी बायको स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. तिला हसू फुटलं आणि काही केल्या आवरेना. "अगं, स्वतःच्या घरालासुद्धा सोडत नाहीस," ती म्हणाली. ताई म्हणाल्या, "इतकी वर्षं सोडलंच होतं की." मग दोघी बसून एवढं बोलल्या की आम्हाला जेवण वाढायचं राहून गेलं. पुन्हा माझ्यामार्फत निरोप गेले नाहीत.

पण बाहेर प्रकरण तापत होतं. त्या इमारतीत घर घेतलेली बाकीची मंडळीही खोळंबली होती आणि शेठ सगळ्यांना एकच सांगत होते: माझं काम पूर्ण आहे, त्या बाईंनी अडवलंय. एका रविवारी सकाळी सात-आठ जण ताईंच्या गल्लीत शिरले. सगळ्यांत पुढे एका शाळेतले पीटीचे सर. व्यायामशाळा उठल्यावर ती बघूनच त्यांनी तिथं घर घेतलं होतं आणि मुलांना रांगेत उभं करून करून त्यांचा आवाज असा कमावलेला होता की साडूंच्या हातातला साचा हलला.

"बाईसाहेब," सर दारातूनच म्हणाले, "ऑफिसात बसून लाल शेरा मारणं सोपं असतं. सामान बांधून दुसऱ्याच्या दारात पडणं काय असतं याची तुम्हाला कल्पना नाही."

ताई काही बोलायच्या आत मी बोळातून उठलो. रात्री नीट झोप नव्हती, अंगावर प्लास्टरची पांढरी पूड, केस विस्कटलेले. माझ्यामागून बायको गादीची वळकटी घेऊन निघाली. तिच्यामागून बाबा, वॉकर टेकत.

"हे कोण?" सरांनी विचारलं.

"यांचं सामान बांधलेलं आहे," ताई म्हणाल्या. "आणि हे माझ्या दारात पडलेत. यांचं घर तुमच्याच इमारतीत आहे, तळमजल्यावर. माझी बहीण, तिचे यजमान आणि तिचे सासरे. या आत. जागा नाहीये, पण या."

आले सगळे. जागा खरंच नव्हती. सर स्वयंपाकघरात मान तिरकी करून उभे राहिले. एक बाई कवळ्यांच्या खिडकीशेजारी टेकल्या आणि दचकून उठल्या. चहा दोन हप्त्यांत झाला, कारण कप तेवढे नव्हते. भांडायला आलेल्या माणसाला चहासाठी रांगेत थांबवलं की त्याचा जोर थोडा कमी होतो, हे मी त्या दिवशी बघितलं.

बाबांनी सरांना खाटेवर शेजारी बसवून घेतलं. "तुम्ही पळणार त्या मशीनवर?"

"रोज सकाळी," सर म्हणाले.

"किती वाजता?"

"पाच वाजता. उशीर मला चालत नाही."

"म्हणजे पाच वाजता मी डोळे उघडले की समोर तुम्ही."

सरांनी चहाचा घोट गिळला. "आजोबा, तुमची खिडकी त्या बाजूला आहे?"

"माझी आहे, माझ्या शेजारच्यांची आहे. तिथं एक बाळंतीण राहायला येणार आहे असं ऐकतो. तिचं बाळ आणि तुमचं मशीन, दोघांचा आवाज एकमेकांना जाणार. बघा बुवा, तुम्ही शिस्तीचे माणूस. मी काय, पडदा लावीन. आमच्याकडे पडद्यांना तोटा नाही."

सर कप ठेवायला उठून स्वयंपाकघरात गेले आणि पुन्हा मान तिरकी करून उभे राहिले. मग त्यांनी ताईंना विचारलं, पण आता घरातल्या आवाजात, "बाई, शेठ म्हणत होते की खिडकी ही बारीकसारीक गोष्ट आहे."

"बारीक आहेच," ताई म्हणाल्या. "ज्यांच्या खिडक्या पुढच्या बाजूला आहेत त्यांना तर दिसणारसुद्धा नाही. म्हणून तर ती आधी लिहून ठेवायला लागते. आणि व्यायाम करू नका असं कुठल्याच अटीत नाही, सर. अंगणावर छप्पर नको, भिंती नकोत, एवढंच आहे. अंगणात उड्या मारा की हव्या तेवढ्या."

सरांनी मान सरळ केली, डोकं छताला लागलं, आणि ते तसेच उभे राहून म्हणाले, "खरं सांगायचं तर मला मशीन आवडतच नाही. उघड्यावर लोखंडी दांडे असले की बस्स."

त्यानंतर ती सगळी मंडळी, पुढे सर आणि मागे बाकीचे, ताईंच्या गल्लीतून सरळ शेठच्या ऑफिसात गेली. ताई गेल्या नाहीत, मीही गेलो नाही. शेठनी त्याआधी व्यायामशाळा कायम करून मिळावी म्हणून नवा नकाशा पाठवला होता आणि साहेबांनी तो नाकारला होता. आता घर घेणारेच समोर उभे राहिल्यावर शेठचा नाइलाज झाला. भिंती पाडायला सुरुवात झाली त्या दिवशी शेठ ताईंना म्हणाले, "ताई, मला खरंच वाटलं होतं, लोक खूश होतील."

"अर्धे झाले असते, शेठ," ताई म्हणाल्या. "तुमचं काम बाकी फार चांगलं आहे. आमच्या साहेबांनी लिहिलंय तसं."

शेठ दिवसभर ते वाक्य लोकांना ऐकवत फिरत होते.

पुन्हा पाहणी झाली, पुन्हा साहेब आले, पुन्हा ताईंनी ती खिडकी उघडली. समोर अंगण होतं, पलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे बस वळायचा चौक, आणि वर भरपूर आकाश. ताई म्हणाल्या, "झालं." आम्ही 'पण'ची वाट बघत थांबलो. पुढे काही आलं नाही.

आम्ही राहायला गेलो. अंगणात लोखंडी दांडे बसले. सर पहाटे तिथं येतात आणि दांड्याला लटकून अंग वर उचलतात; खिडकीत त्यांचं डोकं किती खेपा वर आलं ते बाबा खाटेवरून मोजतात. एखादी कमी भरली की खिडकीतून सांगतात. निळा पडदा आम्ही लावला खरा, पण तो कायम एका बाजूला गोळा केलेला असतो. धंद्याच्या दृष्टीनं ही काही चांगली जाहिरात नाही.

एक गोष्ट मात्र राहिली होती आणि ती ताईंच्याच लक्षात आली. एकदा त्या आमच्याकडे आल्या असताना बाबांच्या शेजारी खाटेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "बाबा, इथून तुम्हाला चौक दिसत नाही."

"बसल्यावर आकाश दिसतं," बाबा म्हणाले. "चौक बघायचा तर उठून उभं राहायला लागतं. पण मी तक्रार करत नाही. आकाशच मागितलं होतं."

खिडकी मापाला नियमात बसत होती. शेठची यात काहीच चूक नव्हती. नियमात खिडकी किती मोठी हवी ते होतं, पण तिची खालची कड जमिनीपासून किती वर असावी, बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसावं की नाही, यावर एक अक्षर नव्हतं. पुढच्या रविवारी ताई टेप घेऊन आल्या आणि बाबांना खाटेवर बसवून त्यांच्या डोळ्यांची उंची मोजली. मग मला बसवलं, बायकोला बसवलं. शेजारची बाळंतीण बाळाला मांडीवर घेऊन बसली. सर म्हणाले, "माझंही घ्या," आणि ताठ बसले. ताई म्हणाल्या, "सर, घरात बसता तसे बसा." सरांना ते काही केल्या जमेना. साडू आले होते, त्यांनी सगळ्यांची मापं वाचून दाखवायचं काम घेतलं आणि ती इतकी बारीक वाचायला लागले की ताईंना सांगावं लागलं, "अहो, खिडकी आहे, दाढ नाही."

या मापांवरून ताईंनी नव्या अटीचा मसुदा लिहिला, तो साहेबांनी आधी परत पाठवला. 'बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसलं पाहिजे' असं ताईंनी लिहिलं होतं आणि साहेबांचं म्हणणं, हे वाक्य नियमाचं नाही, आजीबाईचं आहे. ताईंनी वाक्य काढलं आणि त्या जागी उंचीचा आकडा घातला. तो मंजूर झाला. आता नव्या घरांच्या परवानगीत ती अट असते. बिल्डर मंडळी ती वाचतात आणि एकमेकांना विचारतात, हे नवीन काय काढलंय पणबाईंनी?

आमच्या घराला ती अट लागू नव्हती, घर आधीच झालेलं. मी बाबांना म्हटलं, आपण खिडकी खाली वाढवून घेऊ, शेठ करून देतील. बाबा म्हणाले, "भिंत कशाला फोडतोस? खाट उंच कर."

साडूंनी खाटेच्या चारी पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. बाबा वर बसले, पाय नीट टेकतायत का बघितलं, दोन्ही हात पुढे घेतले आणि चौकात वळणाऱ्या बसकडे बघून म्हणाले, "जरा लवकर वळवली त्यानं."